दार बंद ठेवणारी ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. लिफ्ट बनवणारी कंपनी, खिडकीजवळची जागा, आणि टेबलावर गुडघाभर उंचीची छोटी लिफ्ट. खेळण्यातली वाटते, पण मोटर खरी. आम्ही लिहिलेला प्रोग्राम आधी तिच्यावर चालवून पाहायचा. शेजारी मिस्त्री बसतात. इमारतींत जाऊन लिफ्टमध्ये तो प्रोग्राम भरायचं काम त्यांचं. चहा त्यांनीच पाजला. वर सांगितलं की बाईंसमोर ‘बहुतेक’ हा शब्द काढायचा नाही. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. घरी येऊन आत्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं. मी तिच्याकडे राहायला आल्यापासून दोघींनाही बोलायला माणूस मिळालंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं खरं काम मिळालं. लिफ्ट मजल्यावर आलेली नसेल तर त्या मजल्याचं दार उघडता कामा नये. तपासणीची एक ओळ लिहिली आणि टेबलावर चालवून पाहिली. लिफ्ट तळाला होती. मी वरचं बटण घाईने दोनदा दाबलं, आणि वरचं दार सावकाश उघडलं. आत नुसती पोकळी.

ओळ माझ्या लिखाणात जागच्या जागी आहे. पण आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत बदलून देतो तो कंपायलर; त्याने जे तयार केलं त्यात ती नाहीच.

१३ फेब्रुवारी

तीन तऱ्हांनी लिहिली, तिन्ही वेळा गायब. मी लिहिते आणि कोणीतरी मागून पुसतं, असं वाटायला लागलंय. मिस्त्री म्हणाले, पोरी, बिल्डची सेटिंग बघ एकदा. प्रोग्राम बनवताना काय घ्यायचं, काय वगळायचं हे तिथे ठरतं. मी म्हटलं, सेटिंगला काय धाड भरलीय? कंपायलरमध्येच खोट आहे. ते चहा आणायला उठले.

१४ फेब्रुवारी

सापडलं. नवा फोल्डर केला, त्यात कंपायलरची जुनी आवृत्ती वापरली. ओळ टिकली, दार मिटलेलं राहिलं. म्हणजे खोट नव्या आवृत्तीत. ती बनवणाऱ्यांना लांबलचक पत्र धाडलं. बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि नेहमीच्या फोल्डरमधूनच, पण जुन्या कंपायलरने, प्रोग्राम करून द्यायला सांगितलं. दिला.

१८ फेब्रुवारी

मिस्त्रींनी सहा इमारतींत तो भरला. त्यात आमचीही. आत्या शेजारणींना सांगत सुटलीय की लिफ्ट आमच्या पोरीच्या डोक्याने चालते.

२० फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

कंपायलरवाल्यांचं उत्तर आलं. अगदी सभ्य. कंपायलर बरोबर आहे. तुमच्या बिल्डमध्ये ‘चाचणी’ चालू आहे, त्यामुळे सुरक्षेच्या सगळ्या तपासण्या वगळल्या जातात.

सेटिंग उघडली. चाचणी: चालू. तारीख ४ फेब्रुवारी. नाव माझं. मोटर शिकताना दार सारखं अडत होतं, म्हणून मीच—

प्रत्येक फोल्डरची सेटिंग वेगळी; नव्या फोल्डरमध्ये चाचणी बंद होती. म्हणून ओळ टिकली. कंपायलरचा काही संबंधच नव्हता. आणि मी दिलेला प्रोग्राम नेहमीच्या फोल्डरमधला. तो टेबलावर चालवून पाहिलाच नाही. आता पाहिला, बटण दोनदा दाबून.

दार उघडलं.

११.०५

बाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मिस्त्री लिफ्ट बंद करायला निघाले. ते फोनवर कळवतील तशी प्रत्येकीची वेळ मी इथे बसून लिहायची. हाताशी हीच वही आहे.

११.२०

पहिली बंद. इमारतींत फोन करतेय, दोन ठिकाणी कोणी उचलत नाही. आमच्या इथे पहारेकऱ्याचा फोन लागत नाही. आत्याचा नुसता वाजतोय.

११.३१

दुसरी, तिसरी. एकाच आवारात होत्या. आमची शेवटी, सगळ्यात लांब आहे. ‘आमची आधी करा’ म्हणायला तोंड उघडलं नाही. प्रत्येक घरात कोणाची तरी—

११.४४

चौथी बंद. आत्या बाराला टपाल बघायला खाली उतरते. बटण कधी एकदाच दाबत नाही. सांगून थकले.

११.५२

पाचवी. मिस्त्री आमच्या रस्त्याला लागले. दहा मिनिटं, म्हणाले.

११.५७

आत्याने उचलला. ओरडून सांगतेय, आवाज तुटतोय. ती म्हणते काही ऐकू येत नाही गं, थांब, दार उघडलंय, आत शिरते आणि मग सावकाश बो—