जेवणाच्या खोलीतला गिअरबॉक्स

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. (वयाने मी तुमच्याहून फार मोठी नाही, पण पत्रात तरी नात्याचा मान घेते.) तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला गेला का? आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, पत्रात आधी समोरच्याची तब्येत विचारावी, मग हवेबद्दल दोन वाक्यं लिहावीत आणि मगच कामाचं बोलावं. तब्येत विचारून झाली. हवा बरी आहे. मीही बरी आहे, तुमचे दादाही बरे आहेत. गाडी मात्र चार लोखंडी पायांवर अधांतरी उभी आहे आणि तिचा गिअरबॉक्स जेवणाच्या खोलीत आहे.

हे फोनवर सांगितलं असतं, पण गाडीचं नाव निघालं की तुमच्याकडची रेंज जाते, हा गेल्या दोन वर्षांचा अनुभव. पत्र मध्येच कट करता येत नाही. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की तुमचे दादा वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत बसतात.

तर गिअरबॉक्स. गॅरेजमध्ये ओल आहे म्हणून तो तात्पुरता आत आणला होता. तात्पुरता म्हणजे तुम्ही निघून गेलात तेव्हापासून. सुरुवातीला मी त्याला वळसा घालून चालत असे, मग त्याच्यावर माझा क्रोशाचा रुमाल घातला, आता पाहुणे त्याच्यावर चहाचा कप ठेवतात आणि टेबल कुठून घेतलं म्हणून विचारतात. घरात कुठल्याही गोष्टीची सवय होते. फक्त रविवारी दुपारी तुमची खुर्ची रिकामी असते, तिची अजून झालेली नाही.

मला ते भांडण शब्द न् शब्द आठवतं. दोघांनी मिळून घेतलेली गाडी, लहानपणापासून जिचं चित्र तुमच्या खोलीच्या भिंतीवर होतं. (मी लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्याआधीच त्या भिंतीवर होती. सवत म्हणाल तर तीच थोरली.) आणि गाडी दारात येऊन काही महिने फिरल्यावर समजलं की तिच्या इंजिनच्या पोटात, पार मागे, एक एवढंसं बेअरिंग आहे. त्यातलं ग्रीस धुऊन गेलं की आतल्या पोलादी गोळ्या झिजतात आणि एक दिवस काही न कळवता सगळ्या इंजिनचं भंगार होतं. बहुतेक गाड्यांचं होत नाही म्हणे. पण आपल्या घरात ‘बहुतेक’ या शब्दावर कोणी कधी झोपलेलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून गिअरबॉक्स काढला, क्लच काढला, आणि आत आता कुठलं बेअरिंग घालायचं यावरून जेवताना सुरू झालात. हे म्हणाले, “सिरॅमिकच घालायचं.” तुम्ही म्हणालात, “दादा, तुझ्या डोक्यात आणि त्या बेअरिंगमध्ये एकच दोष आहे. तेल पोचत नाही.” हे म्हणाले, “मग ऊठ.” आणि तुम्ही खरंच उठलात, हात न धुता. जाताना बेअरिंग ओढून काढायचा तो पुलर काखेत मारून नेलात. तेव्हापासून इंजिन जागेवर धरून ठेवायच्या खिळ्या यांच्याकडे आणि पुलर तुमच्याकडे. तुम्ही तिकडे पुलरने काय काढता, देव जाणे. हे इकडे खिळ्या दर रविवारी पुसतात.

मधल्या काळात हा तंटा मिटावा म्हणून मी स्वतःच चौकशी करायची ठरवली. पर्स घेतली, उन्हाचा चष्मा लावला आणि गाडी माझीच असल्यासारखी गॅरेजं पालथी घातली. पहिल्या गॅरेजमध्ये फरशी इतकी स्वच्छ होती की मी चपला बाहेर काढल्या. तिथले गृहस्थ सिरॅमिकवाले निघाले. गोळ्या चिनी मातीच्या जातीच्या असतात, पोलादापेक्षा कडक, आणि तेलाचे शिंतोडे मिळाले तरी पुरतात. मी विचारलं, “फुटणार नाहीत ना?” (माझ्या लग्नातल्या सेटमधली आता एक बशी उरली आहे, म्हणून विचारलं.) ते म्हणाले, “फुटत नाहीत, पण काही वर्षांनी बदलाव्या लागतात.” म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स जेवणाच्या खोलीत. मी चपला घातल्या.

दुसऱ्याचं म्हणणं, गोळ्यांचं बेअरिंगच ठेवा, पण बाहेरून बारीक नळी टाकून त्याला तेल पाजा. मला हे पटलं होतं, आजारी माणसाला आपण असंच करतो. पण शेजारी लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालून एक आवाज आला, “इंजिनभर फिरलेलं मळकं तेल पाजायचं आणि वर औषध म्हणायचं!” मग दुसरा आणि तो आवाज यांचं असं जुंपलं की मला घरच्यासारखं वाटलं.

तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी होती, केस वर बांधलेले, कोपरापर्यंत काळी. ती म्हणाली, “काकू, गोळ्याच नकोत. साधं गुळगुळीत बेअरिंग घाला, तेलाच्या पातळ थरावर फिरणारं. ज्यात गोळ्या नाहीत त्याच्या गोळ्या झिजणार कुठून?” त्याला तेल इंजिनच्या डोक्याकडून दाबाने येतं म्हणे. महाग, पण एकदाच. हे तुमचंच मत, हे मला माहीत होतं, म्हणून मी चेहरा कोरा ठेवला. शिवाय आमचे वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आहेतच. त्यांचं मत, काहीच बदलू नका, तेलाच्या बुचात चुंबक बसवा, लोखंडाचा चुरा दिसला की समजायचं. मी म्हटलं, “समजून मग काय करायचं?” ते म्हणाले, “वाईट वाटून घ्यायचं.”

हसू नका. आता जे लिहिते आहे ते हसण्यासारखं नाही. परवा जुन्या गाड्या सुट्या भागांत विकणारा एकजण येऊन गेला. यांनीच बोलावला. त्याने रुमाल उचलून गिअरबॉक्स वाजवून पाहिला, जसा काही माठ घेतो आहे. येत्या शनिवारी तो टेम्पो आणणार आणि सगळं सुटं सुटं नेणार. मी म्हटलं, “अहो, निम्मी गाडी भाऊजींची आहे.” तर म्हणाले, “त्याला हवी असती तर आला असता.” आणि गॅरेजमध्ये जाऊन अर्ध्या गाडीत बसून राहिले, डावीकडच्या सीटवर. ती तुमच्या दादांची जागा नाही, तुमची आहे.

मला गाडीचं काही नाही. दोनच सीट, त्यात तुम्ही दोघं बसणार, आम्ही जावा फाटकात उभ्या राहून हात हलवणार. पण तसा हात हलवायला मला फार आवडायचं. ज्या बाजूने तुम्ही जायचात त्या बाजूने परत यायचात, केस उभे, चेहरे दहावीतल्या पोरांसारखे. यांच्या हाताला आता थोडा कंप असतो. अजून पाना धरता येतो.

तर तुम्ही यावं असं मी म्हणत नाही. मानाचा प्रश्न आहे, मला समजतं. फक्त तुमचं तांत्रिक मत दोन ओळींत कळवावं, म्हणजे मला माझ्या माहितीसाठी हवं आहे. जाऊबाईंना सांगा, खोकल्यावर वाफ घ्यावी.

तुमची,
वहिनी

ता. क. मत कळवू नका. शुक्रवारीच या आणि पुलर घेऊन या. काल रजयांच्या मागे एक छोटं खोकं सापडलं. त्यात बेअरिंग आहे. उघडून पाहिलं, आत एकही गोळी नाही. म्हणजे तुमचंच. खोक्यावर इतकी धूळ आहे की तुम्ही गेलात त्याच सुमारास यांनी मागवलं असणार. आल्यावर ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणायचं नाही. सिरॅमिकची थोडी स्तुती करा, हे नको म्हणतील, मग तुम्ही नाइलाजाने मान्य करा.

ता. क. २. तिकीट लावायला पत्र यांच्याकडे दिलं आणि मी दूध तापवायला गेले, ही माझी चूक. परत आले तर उभ्याने सगळं वाचून काढलेलं, रजयांच्या ओळीपर्यंत. कान लाल. मला वाटलं, आता फाडतात. तर म्हणाले, “साध्या बेअरिंगला तेल डोक्याकडून येत नाही, फिल्टरकडून येतं. चुकीचं लिहून पाठवू नकोस, तो हसेल.” मग टेबलावरचं माझं पेन घेतलं आणि पाकिटावर तुमचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट, वही न पाहता. खालच्या ओळी त्यांच्या आहेत, मी वाचलेल्या नाहीत असं समजा.

टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं आहे. सिरॅमिकची स्तुती करण्याची गरज नाही, ते चांगलंच असतं. पुलरचा आखूड बोल्ट वेगळ्या पिशवीत होता, तो विसरशील. विसरू नकोस. जेवायला ये.