निमगड्यांच्या सायकलची सीट

४ फेब्रुवारी १९८७, सावली

तो माणूस आजही गेला. सीट इतकी खाली, की पायडल वर आलं की गुडघा शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत! उंची सहज पाच फूट दहा इंच. सायकल बावीस इंची फ्रेमची. लांबून बघितलं तर कोणी खुर्चीत बसून पाण्यातून चालत असावं, असं वाटतं.

मी तळ्याच्या मातीच्या पाळीवर मोजणीची लेव्हल लावून उभी होते. रीडिंग चुकलं. पुन्हा घेतलं.

५ फेब्रुवारी

बायनाबाईंना विचारलं. पाळीच्या दुरुस्तीवर रोजगार हमीच्या ज्या बाया आहेत, त्यांच्यात त्यांना सगळं माहीत असतं.

"ढोरायचा डाक्टर होय थो. निमगडे. नवा आला." मग टोपली उचलता उचलता — "काऊन बाई?"

सहज, म्हटलं.

त्या पलीकडे गेल्या आणि चारचौघींना काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. हसणं ऐकू आलं.

सहजच विचारलं होतं. चुकीची लावलेली वस्तू रोज डोळ्यांसमोरून गेली तर कोणीही विचारेल. टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ — तीच सीटची उंची. मग चवड्याने मारताना गुडघा हवा तेवढाच वाकतो. याला माझी नागपूरच्या पॉलिटेक्निकची इंजिनिअरिंगची पदविका लागत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार, मूल

सुट्टीला मूल गावी, घरी. आईने वडसाच्या एका स्थळाचा विषय काढला. बाबांनी तिच्याकडे बघितलं, ती थांबली.

बाबांशी माझं नोकरी लागली तेव्हाच ठरलं आहे. कोणाशी आणि कधी, ते मी सांगेन. मी सांगेपर्यंत कोणी कोणाच्या घरी जाणार नाही. बाबांनी शब्द दिला. आईने दिला नाही, नुसती गप्प बसली. ती अजून गप्पच आहे, पण दर रविवारी नव्या प्रकारे.

१० फेब्रुवारी

आज निमगडे थांबले. मोहाच्या झाडाखाली सायकल लावून गुडघा चोळत बसले होते. मी टेप गुंडाळत तिकडे गेले. (टेप तशीही गुंडाळायचीच होती.)

"पाणी मिळेल का मॅडम?"

पाणी दिलं आणि म्हटलं, तुमची सीट चार इंच खाली आहे. म्हणून गुडघा दुखतो.

"मले माहीत आहे."

हे अपेक्षित नव्हतं. माहीत आहे तर वर का करत नाही?

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी कोरचीकडे नेमणूक होती. सीट उंच होती. उतारावर बैल आडवा आला, ब्रेक दाबला, पण पाय टेकेना. स्वतः पडले त्याचं काही नाही, पण कॅरियरवर लशीचा थर्मास होता. सगळ्या बाटल्या फुटल्या. त्या गावची ढोरं तशीच राहिली, आणि त्यातली काही त्याच महिन्यात दगावली. तेव्हापासून बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा यांचा नियम.

"आन कोनी वर करू नये म्हणून पाइपच कापला. आरीनं."

कापला?

"अर्धा."

सीटखालचा पाइप आरीने कापणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

१२ फेब्रुवारी

आज पुन्हा थांबले. गुडघ्यासाठी नाही, वाद घालायला. मी परवा म्हटलं होतं, की बसल्या जागेवरून पाय टेकायचाच नसतो. आधी ब्रेक, मग सीटवरून पुढे घसरायचं, मग पाय.

"हे सगळं बैल आडवा आल्यावर?"

सराव झाला की एका दमात होतं.

"बैलाले सराव असते. मले नाई."

मी माझ्या सायकलवर करून दाखवलं. दोनदा. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, पाइप मिळाला तर बघू. म्हणजे तयार आहेत.

अडचण मापाची. पाइप किती लांबीचा घ्यायचा आणि बावीसच्या फ्रेमवर भागेल की चोवीसचीच हवी, हे पायाच्या आतल्या लांबीवर ठरतं. पाइप निदान अडीच इंच फ्रेमच्या आत राहायला हवा, नाहीतर मोडतो. त्यासाठी माणसाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, मांड्यांमध्ये पुस्तक धरायला लावायचं आणि खालपर्यंत टेप धरायची. हे मी रोजगार हमीच्या चाळीस बायांसमोर एका पुरुषाबरोबर करणार नाही. आणि पाळीवर भिंतही नाही.

दुसरा मार्ग आहे. त्यांच्या पँटची मोहरी साखळीत अडकून फाटलेली दिसली. विचारलं, तर म्हणाले, मूलचा लहानूभाऊ शिंपी शिवून देतो, पँटही त्यानेच शिवलेली. लहानूकाका आमच्याच गल्लीत! माप त्यांच्याकडे असणारच. पँट घोट्याशी संपते, तिथून जमिनीपर्यंतचे दोन इंच वर धरायचे. कोणाला संकोच नाही, कोणाला भिंत नको.

समाधानकारक.

१५ फेब्रुवारी, रविवार, मूल

काम झालं. लहानूकाकांनी मशीन थांबवून माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "निमगड्याचं? सावलीच्या?" म्हटलं, हो, त्यांचंच. बाकी काही नको, फक्त आतली लांबी.

"सगळंच घेऊन जा ना बाई. छाती, खांदा."

छातीचं काय करू, म्हटलं.

त्यांनी चहा मागवला. मी नको म्हटलं तरी मागवला. एकतीस इंच. अधिक दोन, तेहेतीस. बावीसची फ्रेम चालते, नवीन सायकलची गरज नाही. पुढे सायकलच्या दुकानातून दहा इंचाचा पाइप घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला.

सायंकाळी, तिथेच

आई रडते आहे. आनंदाने.

मी मूर्ख आहे. आमच्याकडे नवरदेवाचे कपडे मुलीकडचे शिवतात. मुलीच्या घरातलं कोणी शिंप्याकडे एखाद्या मुलाचं माप मागायला गेलं, की गल्लीला वेगळं काही सांगावं लागत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. ताईच्या लग्नात जिजाजींचं माप आणायला मीच गेले होते! दुकानात उभी असताना डोक्यात फक्त अडीच इंच होते.

"तू मले आधी सांगतलं काऊन नाई?" — आई.

सीटसाठी माप हवं होतं, म्हटलं.

"कायच्या?"

सायकलच्या सीटसाठी.

आईने डोळे पुसले आणि बाबांना म्हणाली, "लाजून राह्यली."

बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मी माझा शब्द पाळला. तू सांगशील असं ठरलं होतं. शिंप्यामार्फत सांगशील हे ध्यानात आलं नाही."

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. लशी, आरी, पाइप. पाइप काढून दाखवला. बाबा हसू दाबत होते. आईने पाइप हातात घेऊन बघितला, परत दिला आणि म्हणाली, मुलाचे काका आपल्या बुद्धविहारात येतात, चांगले लोक आहेत.

रागाचं कारण लिहून ठेवते. लग्न नको असं नाही. माणूस वाईट आहे असंही नाही. मी एकच गोष्ट मागितली होती, की सांगेन ती मी. ती माझ्याच हातून गेली.

१७ फेब्रुवारी, सावली

निमगडे आले नाहीत. काल नाही, आज नाही.

"डाक्टर आता डामर रोडनं जाते," बायनाबाई म्हणाल्या. "लांब पडते. पन जाते." मग माती टाकता टाकता — "शरम मोठी हाय त्याले. तुमाले नाई का जी?"

म्हणजे मूलची बातमी इथवर पोचली. एसटीने आली असेल, माझ्याच गाडीने.

पाइप पिशवीतच आहे.

१९ फेब्रुवारी

आज आले. तळ्याच्याच रस्त्याने. सायकलवरून उतरून चालत, म्हणजे ठरवून. मोहाखाली उभे राहिले आणि चेन बघू लागले. चेनला काही झालेलं नव्हतं.

"मॅडम, माझे काका मूलले गेले होते. लहानूभाऊनं त्यांना पेढे मागतले."

मी सगळं स्पष्ट केलं. काडीने जमिनीवर आकृती काढली. फ्रेम, पाइप, आतले अडीच इंच, तेहेतीस. माप का लागलं, तुम्हाला का विचारलं नाही, शिंप्याला का विचारलं. दुसरा कुठलाही अर्थ नव्हता.

"म्हणजे सीटसाठी."

सीटसाठी.

"बरं."

मग मी पाना शोधला आणि पाइप बसवला. जुना गंजून चिकटला होता, रॉकेल सोडावं लागलं. त्यांना झाडाला धरून बसायला सांगितलं. टाच पायडलवर, पाय सरळ. अगदी बरोबर आलं! एका सुताचाही फरक नाही.

चालवायला मात्र निघाले ते थांबेचनात. "आता उतरू कसा?" असं म्हणत पुलापर्यंत गेले, आणि पुलाचा कठडा धरून उभे राहिले. पलीकडून बाया बघत होत्या. बायनाबाई म्हणाल्या, "बाईनं डाक्टरले झाडावर चढवलन."

घसरून उतरायचं चारदा दाखवलं. जमलं नाही. तूर्त ते झाड किंवा कठडा बघूनच थांबतील.

२२ फेब्रुवारी, रविवार, मूल

आज दिवसभर गैरसमज दूर करण्याचं काम. आधी लहानूकाका. त्यांना आमच्या सायकलवर बसवून टाच आणि पायडल समजावलं. त्यांना पटलं. मापाचा माणूस, मापाचं लगेच कळलं. "बरं झालं, कापड फाडलं नाई," म्हणाले. पांढरं टेरिकॉट बाजूला काढून ठेवलं होतं त्यांनी.

मग आई. ती ऐकत गेली, ऐकत गेली, आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे काईच नाई?"

काहीच नाही.

"बरं." आणि भात बघायला उठली.

बाबा निमगड्यांच्या काकांना विहारात भेटून आले. तेही समजले. सगळ्यांना पटलं. एकानेही हट्ट केला नाही.

समाधानकारक.

२४ फेब्रुवारी, सावली

निमगडे गेले. पाठ सरळ, पाय पूर्ण लांब होतात, गुडघा शर्टापासून दूर. असं बघितलं तर तो वेगळाच माणूस आहे. माझ्याकडे बघून हात वर केला, सायकल हलली, हात लगेच हँडलवर. थांबले नाहीत.

त्या दिवशी मी सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. म्हणण्याआधी किती वेळ घेतला, हे मी बघायला हवं होतं. मी पाना शोधत होते.

२६ फेब्रुवारी

झाडाला हात लावून थांबले. गुडघा आता दुखत नाही. दुपारपर्यंत तीन गावं होतात, पूर्वी दोन व्हायची. लशीचा बर्फ वितळायच्या आत परत येता येतं. हे सगळं झाडाला धरून, सीटवर बसूनच सांगितलं.

मग म्हणाले, "काकांनी आरमोरीचं एक स्थळ पाहून ठेवलं आहे. रविवारी जायचं आहे."

मी विचारलं, तुम्हाला जायचं आहे का?

"काका म्हणतात."

काका काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, सीटचा नट आठवड्याला तपासत जा.

"हो जी," म्हणाले, आणि गेले.

२७ फेब्रुवारी

तीन रीडिंग चुकली. बायनाबाईंनी लांबूनच विचारलं, "मसीनले बरं नाई का?"

गैरसमज मी इतका नीट दूर केला, की आता कोणाच्याच मनात काही उरलं नाही. माझं सोडून.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लांबून ते येताना दिसले. पाळीवरून उतरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि एका वाक्यात सांगितलं. उद्या आरमोरीला जाऊ नका, मूलला या, आमच्या घरी, आणि या वेळी सीटसाठी नाही. जवळ ना झाड, ना कठडा. त्यांना थांबता येईना. माझ्याभोवती वळसा घेऊन पुढे गेले, वळून आले, पुन्हा वळले. तोंड लालबुंद, नजर समोर, दोन्ही हात हँडलवर घट्ट. तिसऱ्या वळशाला, चालत्या सायकलवरूनच, म्हणाले, "किती वाजता येऊ?"