कपाट पुलात अडकलं त्याची गोष्ट

सॅरासोटा, फ्लोरिडा
३ सप्टेंबर १९७८

चि. एल्डन यास हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी बायको मार्था गेल्यापासून तू तिथे एकटा, मी इथे एकटी. म्हणून तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवली. जूनमध्ये येतो म्हणालास, मग जुलैत. आणि दर वेळी तुझ्याऐवजी भिंती-छप्पर असलेल्या एखाद्या जुन्या लाकडी पुलाचा फोटो येतो! शेजारीण परवा विचारत होती, की तुमचे भाऊ गोठे विकतात का. आता पुरे. ऑक्टोबरात सामान घेऊन नीघ, आईचं कपाट विसरू नकोस.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

ईस्ट कोल्बर्न, व्हरमाँट
९ ऑक्टोबर

ती. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

निघालो होतो गं! उघडा ट्रक भाड्याने घेतला, कपाट उभंच बांधलं, आणि आपल्याच गावच्या पुलात शिरताना ते वरच्या तुळईत जाऊन अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. अर्धा गाव जमला. मिसेस पेटिंगिल तर ‘ॲपल पाय’ आणि चीज घेऊनच आल्या. रस्त्यांचं काम पाहणाऱ्या रॉस्कोने चारचौघांत विचारलं, की परगावचे ड्रायव्हर अडकतात ते समजू शकतो, पण तू अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? शेवटी टायरांतली हवा सोडली, तेव्हा सुटका झाली.

तुळई मात्र चिरली. पंचांनी ठरवलं, की ज्याने मोडली त्यानेच नवी बसवायची. आता बर्फ पडेल, म्हणजे वसंतापर्यंत काही येणं होत नाही. रागावू नकोस.

तुझा ओशाळलेला,
एल्डन

सॅरासोटा
१७ ऑक्टोबर

चि. एल्डनास आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले, मग एकदम हसू थांबलं. कुठल्या पुलाचं तोंड किती उंच, हे तू मला दर फोटोबरोबर लिहितोस. आणि आपल्या पुलात शिरताना डोकं कुठे वाकवायचं, ते तर आपण लहानपणी गवताच्या गाडीवर बसून शिकलो. माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नकोस. यायचं नसेल तर तसं लिही. मी रडेन, पण त्यासाठी पूल पाडू नकोस.

तरीही तुझीच,
ताई

ईस्ट कोल्बर्न
२५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं. मान वळवून मागे गाव बघत होतो. पण तुळई कडाडली आणि मला हायसं वाटलं. ताई, मला नाही यायचं. तू एकटी आहेस हे कळत होतं, म्हणून नाही म्हणायची छाती होत नव्हती. क्षमा कर.

तुझा,
एल्डन

सॅरासोटा
२ नोव्हेंबर

चि. एल्डनास अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोन दिवस रडले. मग मलाही खरं लिहावंसं वाटलं. मला इथे मुळीच करमत नाही. पण निघताना साऱ्या गावासमोर मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, की या थंडीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. मग कोणत्या तोंडाने परतू? तू इथे आलास तर परत यायचा प्रश्नच मिटेल, असं मनात होतं. तुला ओढत होते ते माझा ताठा सांभाळायला.

घर विकायला काढलं आहे. एप्रिलमध्ये येते. रॉस्कोला हसायचं तेवढं हसू दे. तू मला घ्यायला येशील ना?

तुझी माया अशीच राहू दे,
ताई