आपल्यांना पाच, परदेशींना चाळीस

ता. ४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं वजन ब्याऐंशी झालं असं तू फोनवर म्हणालास, पण मला तुझं दुसरं नाव सुचत नाही, तेव्हा बारक्याच राहा. फोनवर तू बरं आहे याच्या पुढे जात नाहीस आणि अप्पांना ऐकू कमी येतं, म्हणून पुन्हा पत्रावर आले. तिकीट खिडकीवर दुपारी बारा ते तीन कुत्रंही फिरकत नाही. तेवढ्यात एक पत्र होतं.

बातमी अशी, की आमच्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात सोमवारपासून दोन दर झाले. आपल्यांना पाच, परदेशी पाहुण्यांना चाळीस. तशी पाटी खिडकीवर लागली आहे. परदेशी कोण हे कसं ओळखायचं, असं मी नगरपालिकेच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बघून कळतं. पहिल्याच दिवशी मी बघितलं आणि औषधवाल्याच्या बायकोला चाळीस सांगितले. तिने केस सोनेरी करून घेतले होते आणि अर्धा चेहरा झाकेल एवढा काळा चष्मा लावला होता. ती बोलायला लागल्यावर चूक लक्षात आली. ती बरंच बोलली. तेव्हापासून अप्पांच्या गोळ्या मी पलीकडच्या गल्लीतून आणते.

तू नाक मुरडशील म्हणून आधीच सांगते, मला हा नियम पटला आहे. पंप म्हातारा झालाय, नवा घ्यायचा तर पैसे लागतात. सगळ्यांना एकच दर लावला असता तर तो वीस झाला असता, आणि मग अप्पा आठवड्यातून दोनदाच आले असते. त्यांचे गुडघे रोजच्या गरम पाण्यावर चालतात. त्या हौदांखालची एकूण एक नळजोडणी त्यांनी एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने केली. तीन दिवसांसाठी आलेला पाहुणा खोलीचं एका दिवसाचं जेवढं भाडं देतो, तेवढी अप्पांची महिन्याची पेन्शन नाही. त्याने चाळीस दिले तर कुठे आभाळ कोसळलं? कोणी कुरकुरतही नाही. पाटीचा फोटो काढतात आणि पैसे देतात.

तू मे महिन्यात नक्की येतोयस ना? नऊ वर्षं झाली. आपण दिवस मोजत नाही असं अप्पा म्हणतात, आणि किती राहिले असं विचारलं की एका दमात सांगतात.

माया आहेच. उत्तर पाठवलंस तर टिकेलही.

तुझी ताई

*

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नाक मुरडलं.

तुझा हिशेब बरोबर आहे आणि तरी मला तो आवडला नाही. का ते सांगतो. मी इथे आलो तेव्हा घरमालकाने मला एक खोली दिली. सहा वर्षं मी त्याला भला माणूस समजत होतो. मग एकदा आमच्याच इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत मी व खालच्या मजल्यावरचे, मूळचे इथलेच, मास्तर असे दोघेच. मी लिफ्टचा मेकॅनिक असल्यामुळे मला कळलं, की बाहेरून कोणी आल्याशिवाय काही होणार नाही. तेव्हा आम्ही गप्पा मारल्या. त्यात निघालं, की तशीच खोली, तशीच खिडकी, आणि त्यांचं भाडं माझ्या निम्मं. मी मालकाला विचारलं. तो रागावला नाही. तुमच्यासारख्यांचा दर हाच असतो, असं त्याने मला नीट समजावून सांगितलं. त्याचंही छप्पर जुनं झालं होतं.

तुमच्यासारखे म्हणजे कोणासारखे, हे मी विचारायला हवं होतं. मला तेव्हा गप्पांपुरती भाषा येत होती, भांडणापुरती नव्हती. आता येते, पण तो वारला.

तुझ्या पाहुण्यांची आणि माझी तुलना होत नाही, असं तू लिहिशील. ते हौसेने येतात, मी पोटासाठी आलो. मान्य. पण खिडकीतून पोट दिसत नाही.

बाकी मी मेच्या दहा तारखेला येतोय. गेल्या वर्षी इकडचा पासपोर्ट मिळाला, तेव्हा जुना जमा करावा लागला, हे मी कळवलं होतं. फोटो बरा आलाय का, एवढंच तू विचारलं होतंस. तर सांग, मी कोणत्या पाटीखाली उभा राहू? अप्पांना नमस्कार.

लोभ आहे तसाच असू दे, त्याचा दर वाढवू नकोस.

बारक्या

*

ता. ६ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

खुळ्यासारखं विचारू नकोस. घरच्या माणसाला कसली पाटी?

असं मी लिहिलं आणि पत्र तीन दिवस तसंच ठेवलं, कारण गेल्या महिन्यात झालेला एक प्रकार डोक्यातून जाईना.

आमच्याकडे टॉवेल धुणारी बाई आहे, तिला सगळे टॉवेलवालीच म्हणतात. ती परदेशातून आलेली आहे. सहा वर्षांपासून इथे राहते, आपली भाषा बोलते, फक्त लिंगांचा घोळ घालते. टॉवेल वाळली, चादर फाटला, असं. दिवसाला तीनशे टॉवेल पिळून तिची पाठ जाते, म्हणून दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, ती बायकांच्या हौदात तासभर बसते. नव्या नियमानंतरही मी तिच्याकडून पाचच घेत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं म्हणजे मी त्याचा विचारच केला नाही.

कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. ते खिडकीवर आले आणि म्हणाले, की आता बघून ओळखायचं नाही, शंका आली की पासपोर्ट बघायचा. कागद असेल तसा दर. मी म्हटलं, ती आपलेच टॉवेल धुते. ते म्हणाले, ते कामाचं झालं, आंघोळीचं वेगळं. पुढच्या मंगळवारी मी तिला चाळीस सांगितले. तिने दिले. त्याच्या पुढच्या मंगळवारी ती आली नाही. नंतरही आली नाही. टॉवेल मात्र रोज वेळेवर येतात.

बाहेरच्या बाकावर अप्पांचा आणि तिचा दर मंगळवारचा रामराम आहे. बाई दिसत नाही, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

तुझा एखादा जुना कागद शिल्लक आहे का? शाळेचा दाखला, काहीही. सहज विचारते.

मायेत कमी नाही, पेनात शाई कमी आहे.

ताई

*

ता. २८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. सामान एक दिवस उशिरा पोचलं.

मी मनात ठेवणारा आहे हे तू जाणतेस, म्हणून लिहूनच टाकतो. मी हौदावर आलो तो मंगळवार होता. खिडकीत पाच ठेवले आणि हसलो. तू पासपोर्ट मागितलास. मला वाटलं, थट्टा चाललीय. तू पुन्हा मागितलास तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतीस. मी पासपोर्ट दिला. तू तो उघडलास, पहिलं पान वाचलंस, माझं नाव, माझा जन्म, आपल्याच गावाचं नाव. मग चाळीस घेतलेस, तिकीट फाडलंस, आणि परदेशी पाहुण्यांना देता तो सूचनांचा कागदही दिलास. पाणी खोल आहे, पोहता येत नसल्यास कडेला बसावे, असं त्यावर चार भाषांत लिहिलं आहे. त्या हौदात मी पोहायला शिकलो. मला त्यात ढकलणारी तू होतीस.

चाळिसांचा प्रश्न नाही असं म्हणणाऱ्याचा प्रश्न नेमका चाळिसांचाच असतो, हे मला माहीत आहे. तरी सांगतो, नाही. तुझ्या नोकरीला धक्का नको, हेही कळतं. पण सकाळी घरातून निघताना सांगितलं असतंस तर मी सांगितलं असतं, की मला सर्दी आहे, आणि हौदावर आलोच नसतो.

आत अप्पांच्या शेजारी अर्धा तास बसलो. त्यांना एक विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

घरी आल्यावर आपण दोघं चार दिवस फार छान वागलो. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

लोभ आहे. मोजायला मी बसलेलो नाही.

बारक्या

*

ता. २ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण नुसतं चुकलं असं लिहायचं नव्हतं. चुकलं की नाही हेच ठरत नव्हतं.

त्या दिवशी तुझ्या मागे अप्पा होते, आणि अप्पांच्या मागे टॉवेलवाली होती. तू मागे वळून बघितलं नाहीस. पाठीने अगदी हैराण झाल्यावर ती दोन महिन्यांनी आली होती आणि मुठीत चाळीस धरून उभी होती. तू पाच ठेवलेस आणि हसलास. मी ते उचलले असते, तर तिच्याकडून चाळीस कोणत्या तोंडाने घेतले असते? आणि सकाळी तुला सांगायला मी चपला घालेपर्यंत तयार होते. सांगितलं असतं तर तू आलाच नसतास, हे मला ठाऊक होतं. तुझा धाकट्याचा हट्टीपणा मी पाळण्यापासून ओळखते.

तू आत गेल्यावर तिने विचारलं, की तो कोण. मी सांगितलं, माझा भाऊ. ती म्हणाली, मग ठीक आहे. बारक्या, तुझं सूचनांच्या कागदाचं बोलणं मला लागलं नाही, पण तिचं ते ‘ठीक आहे’ मनाला लागलं. तिला बरं वाटावं म्हणून मी भावाला परका केला, आणि तिचे चाळीस गेले ते गेलेच.

टॉवेलवालीसारख्या इथेच राहणाऱ्यांना पाचच लावा, असा मी नगरपालिकेला अर्ज केला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, की आपल्या माणसासाठी रदबदली करताय असं कोणी म्हणणार नाही, तुम्ही सख्ख्या भावाकडून चाळीस घेतलेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. ते खरंच माहीत होतं. औषधवाल्याच्या बायकोने ते घरोघर पोचवलं होतं आणि त्या समाधानात ती माझ्याशी बोलायलाही लागली. अर्जावर तिची सही तिसरी आहे.

बैठक पंधरा मिनिटं चालली. आता नियम असा, की जो वर्षभर या देशात राहतोय त्याला पाच, मग पासपोर्ट कुठलाही असो. बाकीच्यांना चाळीस. टॉवेलवाली विजेचं बिल घेऊन आली, पाच दिले, आणि पाणी गरम झाली आहे का असं विचारून आत गेली.

इथे जन्मले पण बाहेर राहतात त्यांचं काय, असंही मी उभी राहून विचारलं. एक सभासद म्हणाले, की ते इथे कर भरत नाहीत, पंप त्यांच्यावाचून चालतो, आणि ते आल्यावर गावाला आनंदच होतो, पण आनंदाचा वेगळा दर ठेवता येत नाही. मी खाली बसले.

म्हणजे नियम आधीपेक्षा न्यायाचा झाला आणि तू चाळिसांतच राहिलास. मला हा नियम पटतो आणि मला तो आवडत नाही. तुझं मार्चचं पत्र मी परत वाचलं.

पाकिटात अप्पांचा कागद आहे. मी वाचलेला नाही. त्यांनी तो मला डिंक लावून दिला.

राग असेल तर ठेव, पण लोभाच्या जागेवर नको.

तुझी ताई

*

ता. २ ऑगस्ट

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही. आज लिहितो.

पाण्यात तू मला विचारलंस, की अप्पा, मी आता परका झालो का. मला ऐकू आलं होतं. पाण्यावर आवाज चांगला येतो. उत्तर तयार नव्हतं म्हणून ऐकलं नाही असं केलं. अडीच महिने लागले.

झालास. थोडा झालास. घरात आलास तेव्हा तहान लागली तर तू ताईकडे पाणी मागितलंस. माठ तुझ्यासमोर होता. कपाट उघडण्याआधी तू विचारत होतास. माझ्या खुर्चीत तू बसला नाहीस. लहानपणी तिथून तुला कान धरून उठवावं लागायचं. ही वाईट वागणूक नव्हे. चांगली आहे. पाहुण्याची आहे. मी एकतीस वर्षं नळ जोडले. जुना नळ नव्या नळाला जोडला की पाणी चालू होतं, पण जोड दिसतो. तो दिसायचाच. गळला नाही म्हणजे झालं.

पण मला खरं कधी कळलं ते सांगतो. ताईने चाळीस मागितले आणि तू ते काढून दिलेस. मी मागेच होतो. मी वाट बघत होतो. आपल्या गावच्या माणसाला कोणी पाचाचे सहा सांगितले तर तो खिडकी डोक्यावर घेतो, साहेबाला बोलावतो, साहेबाच्या बापाचं नाव काढतो. तू गप्प उभा राहून सुटे शोधलेस.

पुढच्या वर्षी ये. महिनाभर ये. चाळीसच पडतील, ताई नियम सोडणार नाही, सोडूही नये. पण देण्याआधी खिडकीवर चांगला कडकडून भांड. रांग खोळंबली तरी चालेल. मी मागे उभा असेन.

अप्पा