परसातलं औषध

बेळगाव, मार्गशीर्ष, सन १९३८

चिरंजीव वर्धमान यास आक्काचा जय जिनेंद्र.

मी सुखात हाय, एवढं आईला मोठ्यानं वाचून दाखव. तिचा खोकला कसा हाय?

माझं डोकं लई दुखायचं, म्हणून वैद्य आलते. म्हणाले, सारखी मान खाली घालून डोळं आखडलेत. रोज डोळं वर-खाली, डावी-उजवीकडं फिरवायचं, मग लांबच्या एका वस्तूवर ठेवायचं. डोकेदुखी उतरती, मन बी निवतं. पण या घरात सुनंनं मोठ्यांपुढं नजर वर करायची न्हाय. सासूबाई म्हणाल्या, "औषध कर, पण परसात, भिंतीकडं तोंड करून."

तसं करते. खरंच बरं वाटतं.

मागं तू आलतास तवा मामंजी समोरच बसले व्हते. मला तुझं पायच दिसलं. वहाणा नव्या घेतल्यास न्हवं?

तू येतोस ती निपाणीची मोटार परसामागनंच जाते. भिंत उंच हाय, टपावरची गाठोडी तेवढी दिसत्यात. माझी लांबची वस्तू तीच.

पुढच्या खेपेला मोटारीत आत बसू नको. टपावर बसून ये, म्हंजे मला तुझं तोंड दिसंल.

तुझी आक्का,
ब्राह्मी