अक्का, तुझ्या गळ्याची शपथ

लातूर,
८ नोव्हेंबर २०२४

गुणाअक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा पाया पडून नमस्कार. दिवाळीचा फराळ पोचला. चकल्या सूनबाईनं लपवून ठेवल्यात, तरी मी शोधल्या. दाजींचा खोकला कमी असेल. इकडं आपली डाळमिल निवांत चालू आहे. ज्या मार्केट यार्डात मी पोती वाहिली, तिथल्याच हमालांनी परवा मला हार घातला. लई हसू आलं.

फोनवर तू रडतेस आणि मी विषय बदलतो, म्हणून लिहितोय.

सोमवारी नांदेडच्या जेलात जाऊन तुझ्या हरिओमला भेटलो. काचेपलीकडून फोनवर बोलायचं असतं. मशीनच्या आवाजावरून कुठला पट्टा ढिला झाला ते मी सांगतो, तुला माहीतच आहे. पोराचा आवाज तसाच कान लावून ऐकला. सरळ चालला होता. खरखर नाही, घाई नाही. म्हणाला, "मामा, तुमचं पोट काचेत मावंना गेलंय." वर्षभरानं थट्टा केली, अक्का!

तिथल्या डॉक्टरीणबाई रोज जिभेखाली एक गोळी ठेवायला देतात आणि ती विरघळेपर्यंत समोर बसवतात. नशेची ओढ त्यानं थांबते. तुला वाटलं, ही पण नशाच. जूनमध्ये काचेला हात लावून तू त्याला म्हणालीस, "माझ्या गळ्याची शपथ हाय. कसलीच गोळी तोंडात घालायची न्हाई. डॉक्टरची बी न्हाई."

त्यानं पाळली.

मी तुला कळवलं होतं, कोर्टात तारखेला बरा दिसला म्हणून. नव्हता बरा. नाक गळत होतं, दात वाजत होते, हाडं दुखतात म्हणून भिंतीला टेकून उभा होता. मला बघवलं नाही. पुढच्या तारखेला त्याच्या जुन्या नशेच्या गोळ्या मीच नेल्या. मीच, अक्का. तो म्हणाला, "आईची शपथ?" मी म्हणालो, "पाप माझ्या माथी. घे."

असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा त्यानंच माझी मूठ मिटवली. "न्या हे, मामा. मी बाईंना सगळं सांगितलंय." बाईंनी औषध पहिल्यापासून सुरू केलं. त्यांच्यासमोर माझी मान अजून वर होत नाही.

आता जामीन झालाय. येत्या गुरुवारी सुटणार. खूश आहे, पण निघताना हळूच म्हणाला, "रोज गोळी घेताना आईचा गळा दिसतो, मामा. घरी आलो की बंद करतो. तिला काही झालं म्हंजी?"

बाईंनी बजावलंय, औषध सोडलं आणि नंतर एकदा जरी जुनी नशा केली, तरी जीव जाऊ शकतो. अंगाला ती आता झेपायची नाही. शुगरची गोळी तू बारा वर्षं खातेस, तुला कुणी नशेबाज म्हणतं का?

ज्यानं शपथ घातली त्यानंच ती सोडवायची असते. मामाच्या म्हणण्यानं सुटत नाही, ते मी करून बघितलंय. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन कंधारला तुला न्यायला येतो. जेलच्या दारात तो तुझ्या पाया पडायला वाकेल, त्याच्या आधी एवढंच म्हण, "सुटली."

मला काय बोलायचं ते गाडीत बोल. कंधार ते नांदेड रस्ता तेवढा लांब आहे.

पुढचं सीट तुझ्यासाठी रिकामं ठेवून,
तुला पाच महिने खोटं सांगणारा,
दयानंद