बनाबाईने न घेतलेले नाव

मी महिपती येसू खलाटे, धंदा बागायत, राहणार कन्हेरी, तालुका बारामती, हे कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. अक्कल शाबूत आहे. वैद्यांनी आशा सोडली ती छातीची.

माझ्या कष्टाने घेतलेली डाळिंबाची बाग, विहीर व राहते घर माझ्या पश्चात पत्नी बनाबाई हिचे. आम्हांस मूलबाळ नाही. पुतण्या मानसिंग याने यात बोट घालू नये.

त्याला का वगळले तेही लिहितो. यंदा नव्या कायद्याने मुंबईच्या असेंब्लीत आमच्या भागाची जागा निघाली. तिच्यावर आधी कोणी बसलेले नव्हते, म्हणून मी उभा राहिलो. समोर इंदापूरचे आबासाहेब. मानसिंग घरचा असून त्यांना जाऊन मिळाला. माझी सारी भिस्त बायकांच्या मतांवर. मतदानाच्या दिवशी गाड्या भरभरून आणल्या, आणि टेबलामागच्या साहेबाने विचारले, "नवऱ्याचं नाव?" सगळ्या पदर तोंडाला लावून उभ्या. माझा मेहुणा रामहरी नावे सांगू लागला, तोच मानसिंग ओरडला, "बाईनं सोताच्या तोंडानं सांगावं!" साहेबाने मान डोलावली. बायका आल्या तशा परतल्या, सर्वांत पुढे माझीच. मी पडलो. बायकांच्या भरवशावर निवडणूक लढवणारा पण त्यांच्या रीती विसरणारा मीच एक शहाणा.

छकडा व खिलारी जोडी रामहरीस. लोणी भापकर, मोरगावपर्यंत ओरडून त्याचा घसा बसला तो अजून उठला नाही. माझ्या मतपेटीचा रंग पिवळा होता, तिच्या प्रचाराचे उरलेले पिवळे कापड मानसिंगास द्यावे. त्याने खुशाल फेटा बांधून मिरवावे.

आता खरी काळजी. बाग नावावर लावताना मामलेदार कचेरीत बनाबाईस विचारतील, कोणाची विधवा? हरकत घ्यायला मानसिंग तिथे हजर असणारच. ती गप्प राहिली तर हा कागद चुलीत घालण्याच्या लायकीचा. म्हणून आज रामहरीदेखत तिला म्हणालो, "एकदा घे नाव. उखाण्यात तरी घे."

"उखाणा लग्नकार्यात घेत्यात, दुखणेकऱ्याच्या उशाशी न्हाय. नाव घेतल्यानं तुमचं आयुष्य कमी व्हईल. हाय तेवढं तरी राहू द्या."

"आणि मी गेल्यावर?"

"मग कुणासाठी घिऊ?"

मला फार रडू आले. यावर लिहायला कलम सुचत नाही. वरचे सर्व वाचून घेतले, ते बरोबर आहे.

सही: महिपती येसू खलाटे
साक्षीदार: दत्तोबा गणू काटे, भीमा राणू भापकर
मुक्काम कन्हेरी, ता. २१ मार्च १९३७